शेवटचं दोन लिटर पाणी

दादाच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी का आहे हे मला नीट सांगता येणार नाही, आई तिथे राहते म्हणून कधीतरी अ‍ॅड केलं आणि मग कोणी काढलं नाही, पण इंग्लंडमध्ये, रेडिंगला, सकाळचा चहा घेताना पुण्याच्या उंड्रीतलं भांडण वाचायची सवय लागली आहे. एप्रिलमध्ये तिथे नोटीस आली की गाड्या धुवायला टँकरचं पाणी वापरायचं नाही, बोअरचं किंवा आरओमधून वाया जाणारं पाणीच घ्या, नाहीतर पाचशे रुपये दंड. झालं. एका बाजूला लातूरवाले, म्हणजे "2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि तुम्ही बॉनेटवर ओतताय" म्हणणारे, आणि दुसऱ्या बाजूला काळ्या गाड्यावाले. काळ्या गाड्यावाल्यांत आमचा दादा.

दादाचं म्हणणं सोपं होतं. नोटीस पाळली, आरओचं पाणी घरातल्या बादलीत साठवून गाडी धुतली, आणि दोन आठवड्यांत दारांवर, आरशाखाली, मागच्या काचेवर पांढरे गोल ठिपके बसले ते काही केल्या निघेनात. ग्रुपवर फोटो टाकला तर अध्यक्ष काकांनी लिहिलं, "पाण्यापेक्षा पेंट मोठा का?" यावर काय बोलणार.

बंगळुरूचं उदाहरण तिथे रोज कोणीतरी देतंच. मार्च 2024 मध्ये तिथल्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास पाच हजार दंड लावला आणि 22 कुटुंबांकडून 1 लाख 10 हजार वसूलही केले. आणि मग मला टॅग करून हमखास प्रश्न येतो, "तुमच्याकडे काय करतात?"

आमच्याकडेही बंदी येते हो. इंग्लंड म्हणजे कायम पाऊस हा समज इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच जातो. 2022 च्या ऑगस्टमध्ये होजपाइपवर बंदी होती, 2025 मध्ये 22 जुलैपासून परत आली, मोडली तर हजार पौंडांपर्यंत दंड. पण बंदी पाइपवर, धुण्यावर नाही. बादलीने धुवा, स्पंजने धुवा, छतावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवलं असेल तर ते खुशाल वापरा. म्हणजे वाद पाणी कुठून येतं आणि किती जातं एवढाच आहे, आणि साधा पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज सोडतो, माझी अख्खी गाडी दोन बादल्यांत होते.

पण ठिपके इथेही पडतात, उलट जास्तच. रेडिंगचं पाणी खडूच्या दगडातून येतं, लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या वर जडपणा, केटलीत महिन्याभरात पांढरा थर. पहिल्या वर्षी मी गाडी दुपारी उन्हात धुतली, छान वाटलं, आत जाऊन जेवले आणि बाहेर आले तर गाडी देवीचे फोड आल्यासारखी दिसत होती. मला वाटलं साबण राहिला. साबण नव्हताच, थेंब वाळताना फक्त पाणी उडून जातं, त्यात विरघळलेला चुना जागेवरच राहतो, आणि गरम पत्र्यावर तर तो मिनिटांत बसतो. ताजा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि साधं पाणी निम्मं-निम्मं करून ओल्या फडक्याने एक-दोन मिनिटं लावायचं, मग धुवायचं, निघतो. महिनोन्महिने राहिला तर वरच्या पारदर्शक थराला खड्डा पाडतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज नाही. दादाच्या काचेवरचे ठिपके निघाले, एका दारावरचे नाही निघाले.

आता आरओच्या पाण्याचं. ज्याने कोणी हे सुचवलं त्याचा हेतू चांगला असेल, पण हिशोब साधा आहे. 100 लिटर पाणी आत गेलं, 30 लिटर गोड होऊन पेल्यात आलं, तर त्या 30 लिटरांनी टाकलेले जवळपास सगळे क्षार उरलेल्या 70 लिटरांत जातात. मे महिन्यात मी गेले तेव्हा खिशात टीडीएस मीटर होता, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारा (हो, मी तसली बाई झाले आहे) आणि सगळीकडे बुडवून बघितला. बोअर 780. दादाच्या आरओचं वाया पाणी 1100 च्या जवळ. म्हणजे सोसायटीने गाडीला सगळ्यात जड पाणी लावायचा ठराव केला होता आणि वर दंडाची भीती. लादी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी उत्तम. काळ्या गाडीवर ते वाळू दिलं तर वाटच.

मग मीटर घेऊन गॅलरीत गेले, तिथे वहिनी एसीच्या नळीखाली बादली लावते, सकाळी कुंड्यांना घालायला. मीटर दाखवतो 18. परत बुडवला, 18 च. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन थेंब झालेली, क्षार येणार कुठून. मुंबईएवढं नाही पडत पुण्यात, पण रात्रीत चार-पाच लिटर जमलं होतं, आणि खालच्या मजल्यावरचे लोक ह्याच पाण्यावरून "तुमचा एसी आमच्या ग्रिलवर गळतो" म्हणून दोन वर्षं भांडतायत.

रेडिंगला आमच्या गल्लीत काचा पुसणारा येतो, त्याच्या व्हॅनमध्ये टाकी असते, लांब दांड्याच्या टोकाला ब्रश, दुसऱ्या मजल्याची काच खालूनच घासून धुतो आणि पुसतच नाही. निघून जातो. मी एकदा विचारलं तर म्हणाला पाण्यात काहीच नाहीये, शून्य, मग डाग कशाचा पडणार. माझ्या डोक्यात तेव्हा जे पडलं ते उंड्रीच्या गॅलरीत पूर्ण झालं, की धुवायला कुठलं पाणी घेतलं ह्याने फार फरक पडत नाही, वाळतं कुठलं पाणी ह्याने पडतो. बोअरचं घ्या, प्रक्रिया केलेलं घ्या, पण ते गाडीवर वाळू देऊ नका, आणि शेवटचं दोन लिटर एसीचं किंवा पावसाचं.

दादाची गाडी मग आम्ही रविवारी सकाळी साडेसहाला धुतली, ऊन यायच्या आत, बॉनेटला हात लावून गार आहे बघून. एक बादली शॅम्पूची, एक साधी, हातमोजा आधी साध्यात खळखळून मग शॅम्पूत, म्हणजे धूळ परत पत्र्यावर घासली जात नाही. छतापासून खाली, एकेक भाग, चाकं वेगळ्या फडक्याने. शेवटी वहिनीची कुंड्यांची झारी, फवाऱ्याचं तोंड काढून टाकलं आणि छताच्या कडेने हळू ओतलं, पाणी थेंब-थेंब न राहता चादरीसारखं सरकत खाली येतं आणि जाताना आधीचं पाणी घेऊन जातं. नंतर जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि ओढायचा, घासायचा नाही. दादा पंचा घेऊन आला होता, आमच्याकडे सगळ्याला पंचा नाहीतर जुना बनियन, मी परत पाठवला. आरशाच्या फटीत, दाराच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या वर पाणी दडून बसतं ते नंतर ओघळतं, म्हणून सगळी दारं एकदा उघडून आपटायची, गेटपर्यंत चक्कर मारायची आणि परत पुसायचं. टॉवेल धुताना ते कपड्यांना वास यायचं सॉफ्टनर घालू नका, टॉवेल पाणी ओढायचाच बंद होतो.

एकूण पाणी पंचवीस-तीस लिटर. लातूरवाले आणि काळ्या गाड्यावाले दोघांनाही हवं तेच. डाग म्हणजे गाडीवर राहून गेलेलं पाणी, कमी ओता आणि पुसा, दोघांचं काम एकच होतं. हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं तर काकांनी अंगठा दाखवला आणि पुढचा मेसेज लिफ्टच्या मेंटेनन्सचा. पालथ्या घड्यावर पाणी, तेही 18 टीडीएसचं.

आणि "परदेशात सगळे स्वतः धुतात" हे जे मला टॅग करून लिहितात त्यांना सांगते, नाही धुत. माझ्या ऑफिसातले बरेच जण बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेवर हाताने गाड्या धुणाऱ्या पोरांकडे जातात, दहा-बारा पौंडांत, पोरं बहुतेक बाहेरून आलेली. ह्या धंद्यातली कमी मजुरी, पिळवणूक आणि गटारात जाणारं साबणाचं पाणी यावर 2018 मध्ये इथल्या संसदेच्या समितीने अख्खा अहवाल दिला. तेव्हा इकडून तिकडे उपदेश करायची माझी काही पत नाही.

कारण उंड्रीतही त्या दोनशे मेसेजमध्ये गाड्या पुसणाऱ्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. काकांची गाडी काका धुत नाहीत, दादाचीही एरवी तोच पुसतो. पहाटे पाचला येतो, एक बादली, एक फडकं, वीस गाड्या, गाडीमागे महिना सहाशे. विसाव्या गाडीला पोचेपर्यंत त्या बादलीत उंड्रीची निम्मी धूळ. ठरावात दंड मालकाला, पण बादली भरायची कुठून हे त्याला कोणी सांगितलं नाही, बोअरचा नळ वॉचमनच्या कुलपात.

मी रेडिंगहून आणलेले दोन टॉवेल त्याला दिले, कसं ओढायचं ते दाखवलं, एका गाडीला एक असं फार शहाण्यासारखं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. टॉवेल हातात वजन केल्यासारखा धरला आणि म्हणाला, "ताई, भारी आहे. पण वीस गाड्यांचे वीस रोज धुवायचे कोणी, आणि त्याला पाणी कुठलं घेऊ?"

ते दोन टॉवेल आता दादाच्या डिकीत आहेत. रविवारी तो स्वतः धुतो म्हणे, वहिनी म्हणाली तीन रविवार झाले, बघू. नळी मात्र खालच्यांनी आपणहून त्यांच्या गॅलरीत वळवून घेतली आहे, त्यांचीही गाडी काळी आहे.