मॉरिशस : अर्धा दिवस, चौदा पॉइंट

महाबळेश्वरची टॅक्सी ठरवताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती पॉइंट?’ मुंबईहून सहा तास उडून आणि घड्याळ दीड तास मागे करून मॉरिशसला उतरलात, तरी हा प्रश्न सोडू नका. बेट ते केवढं? साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. मोबाइलवर नकाशा उघडला की अंगठ्याखाली झाकलं जातं. जे अंगठ्याखाली मावतं ते अर्ध्या दिवसात का मावू नये?

तर दक्षिण किनाऱ्याची खासगी हाफ डे टूर. वेगळी गाडी, वेगळा ड्रायव्हर, आपल्या मर्जीने थांबायचं. ती नीट पार पडू नये यासाठी तयारी घरूनच करावी लागते.

आधी हॉटेल. बघायचा आहे दक्षिण किनारा, म्हणून हॉटेल उत्तरेला ग्रां बेला घ्या. तिथे दुकानं आहेत, संध्याकाळी गजबज असते, शिवाय पॅकेजमध्ये तेच बसतं. ग्रां बेपासून नैऋत्य टोकाचा ल मॉर्न डोंगर जवळपास ७० किलोमीटर, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर दीड तास. तो मोकळा नसतो, कारण मध्ये राजधानी पोर्ट लुई येतं आणि सकाळी अख्खी उत्तर तिथे कामाला निघालेली असते. त्यांची गाठ पडायला हवी असेल तर बरोबर आठला निघा. नऊनंतर निघालात तर ही संधी हुकेल.

मग ‘हाफ डे’ या शब्दाचा अर्थ लावायचा. टूरवाल्यांच्या हिशेबी तो चार किंवा पाच तासांचा असतो आणि घड्याळ सुरू होतं ते गाडी हॉटेलच्या पोर्चमध्ये लागली की. तुम्ही गाडीत बसल्यावर नव्हे. त्यामुळे गाडी लागल्याचा फोन आला की मगच बुफेकडे वळा. ऑम्लेटच्या रांगेत उभं राहा, आजींची बीपीची गोळी वरच राहिली म्हणून एकाला पाठवा, तो खाली आला की टोपीसाठी दुसऱ्याला. चाळीस मिनिटं सहज जातात. आता हिशेब करा : पाच तासांतून जाण्यायेण्याचे तीन गेले, पोर्चमधली चाळीस मिनिटं गेली, उरले एक तास वीस मिनिटं. तुमच्या यादीत पॉइंट चौदा. म्हणजे पॉइंटमागे ५ मिनिटं ४३ सेकंद, तेही एका पॉइंटहून दुसऱ्यावर उडी मारून पोचणार असाल तर.

काही अरसिक मंडळी मुक्कामच पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला किंवा थेट ल मॉर्नजवळ करतात. साडेसातला निघतात, आधी न थांबता सगळ्यात लांबचं ग्री-ग्री गाठतात आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने थांबत थांबत हॉटेलच्या दिशेने परततात. उशीर झालाच तर घराजवळ होतो, आणि ल मॉर्नला पोचेपर्यंत सूर्य वर चढलेला असल्याने डोंगराच्या कड्यावर प्रकाश येतो. सकाळी लवकर पश्चिमेच्या बीचवरून तो डोंगर उन्हाच्या विरुद्ध काळा दिसतो. पण या लोकांचे एकूण पॉइंट होतात चार. चार पॉइंट सोसायटीच्या ग्रुपवर कसे सांगणार?

पैशांचं बोलताना मोघम राहा. भाव गाडीमागे आहे की माणशी, तिकिटं आणि पार्किंग धरलंय का, पाच तासांवर गेलं तर तासाला किती, गाडीत सातवा माणूस बसेल का, लहान मुलासाठी वेगळी सीट मिळेल का, हे लेखी विचारलं तर भांडायला विषय उरत नाही. एकदाच ‘ऑल इन्क्लूडेड ना?’ विचारा आणि समोरून ‘येस येस’ आलं की फोन ठेवा. आकडा ऐकून खूशही व्हा, कारण तोही रुपयांतच असतो. तिथला रुपया आपल्या जवळपास दुप्पट आहे हे बिल देताना कळलं तरी चालतं. घासाघीस इतकी करा की ड्रायव्हरला त्यात काही उरू नये. मग वाटेत जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना लागतो, त्यानंतर आणखी एक दुकान लागतं. प्रतिकृती सुंदर असतात, लाकडी, दोर-शिडांसकट, हाताने केलेल्या. तिथे तुमचा अर्धा तास जातो आणि भावात कापलेले पैसे ड्रायव्हर आपल्या पद्धतीने भरून काढतो.

ड्रायव्हर भारतीय वंशाचा निघण्याची शक्यता दाट. १८३४पासून पुढे ब्रिटिशांनी साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर तिथे नेले. उसाच्या शेतांत ते राबले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचेही होते. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने अजून नाचली जाते. हे काही माहीत करून घेऊ नका. थेट विचारा, ‘गाव कोणतं?’ तो सांगेल, ‘व्हाकवा.’ तुम्ही म्हणा, ‘ते नाही हो, मूळ गाव!’ तो पणजोबांच्या बोटीबद्दल काही सांगू लागला तर ऐकून घ्या आणि वाक्य संपता संपता म्हणा, ‘म्हणजे आपलेच की. मग आपल्या माणसाला ओव्हरटाइम लावणार का?’

आता किनारा. ल मॉर्नला पोचताच खिडकीची काच खाली घ्या आणि विचारा, ‘तो पाण्याखालचा धबधबा कुठाय?’ तो रीलमध्ये पाहिलेला असतो : निळ्या समुद्राच्या आत समुद्रच खोल कोसळतोय. प्रत्यक्षात कोसळत काही नाही. बेटाभोवतीच्या उथळ पठाराच्या कडेवरून वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल पाण्याकडे ओढला जातो, त्याच्या फिक्या-गडद पट्ट्यांमुळे वरून बघणाऱ्याला धबधब्याचा भास होतो. ‘वरून’ म्हणजे हेलिकॉप्टरमधून. बीचवर उभं राहून तो दिसत नाही, टाचा उंचावूनही नाही. पण ड्रायव्हरने हे सांगितलं तर तो टाळाटाळ करतोय असं समजा आणि घरच्यांना मराठीतून तसं सांगा. त्याला कळत नाही अशी आपली समजूत असते.

या गडबडीत डोंगराकडे बघायचं राहतं, ते ठीकच. ५५६ मीटर उंचीचा तो काळा कातळ समुद्रातून सरळ उठलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ला संपली. स्वातंत्र्याची बातमी घेऊन वर येणारे शिपाई आपल्याला पकडायलाच आले असं वाटून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. २००८मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवलं. पायथ्याशी दगडी स्मारकं आहेत. त्यांना टेकून ग्रुप फोटो झकास येतो आणि सगळे मावतात. माथ्यावर जायचं असेल तर चढ-उतारात तीन-चार तास जातात. म्हणून ‘जरा वर जाऊन येतो’ हे वाक्य इथेच, बाराच्या उन्हात आणि सपाता घालून म्हणावं.

पुढे रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की गाडी थांबवावीशी वाटते. थांबवू नका, कारण यादीत ‘रस्ता’ हा पॉइंट नाही. बे द्यू कापला मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारा हा दर्यावर्दी १८०३मध्ये जहाजाची डागडुजी करायला इथे शिरला आणि फ्रेंचांनी त्याला सहा वर्षांहून जास्त अडकवून ठेवला. त्याच्याइतका निवांत थांबा कुणालाच मिळाला नसेल. आणखी पुढे बेल ओंब्रला १९२३मध्ये बुडालेल्या ट्रेवेसा जहाजाच्या खलाशांचं स्मारक. उघड्या होडीतून तीन आठवड्यांहून जास्त प्रवास करत ती माणसं इथे किनाऱ्याला लागली. तुम्ही यातलं काही बघणार नाही, कारण तेव्हा गाडीत थेपल्यांचा डबा उघडलेला असेल आणि लोणच्याचं तेल सीटवर सांडू नये ही सगळ्यांची एकत्रित चिंता असेल.

माकोंद मात्र सोडता येत नाही. रस्त्याला तीव्र वळण, वळणावर समुद्रात घुसलेला कातळ, त्यावर चढायला पायऱ्या. गाड्या उभ्या करायला जागा तोकडी, त्यामुळे ‘अगदी वळणावरच थांबवा, आजींना चालायला नको’ असा आग्रह धरा. वर गेलात की खालच्या वळणावर हॉर्न वाजू लागतील. ते तुमच्यासाठीच असतात.

आणि मग ग्री-ग्री. पाटीवर अक्षरं ‘ग्रिस ग्रिस’ अशी लागतात, तेव्हा तसंच म्हणा. इथे दोन मिनिटं रेंगाळायला हरकत नाही, कारण सगळ्यात जास्त बिघडायला वाव इथेच आहे. बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे. महासागराची लाट त्या कड्यावर लांब फुटते आणि आत उरतं ते गुडघाभर निळं पाणी, ज्यात तुम्ही चार दिवस डुंबलेले असता. सुयाक गावाजवळ हे कडं तुटतं. मध्ये काही अडसर नाही. दक्षिणेकडून निघालेली लाट थेट काळ्या कड्यावर येऊन आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. म्हणून धोक्याची पाटी लावली आहे. गणपतीपुळ्यापासून आपल्याला पाट्यांचा सराव आहेच : वाचायची, ‘हे पोहणाऱ्यांसाठी’ असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

कड्यावर कुठवर जावं हे तिथला दगडच सांगतो. जिथवर तो ओला आणि गडद आहे तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. मोठ्या लाटा बहुधा एकेकट्या येत नाहीत, काही लहान लाटांनंतर मोठ्या लागोपाठ येतात. त्यामुळे जाणते लोक आधी दहा मिनिटं लांबूनच बघतात. तुमच्याकडे ५ मिनिटं ४३ सेकंद आहेत. तेव्हा पहिल्या शांत मिनिटात ओल्या दगडावर जा, समुद्राकडे पाठ करा, पदर किंवा भाड्याने घेतलेला लांब झगा वाऱ्यावर सोडा आणि फोटो काढणाऱ्याला सांगा, ‘लाट उसळली की काढ.’ वारा चांगला असतो. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे या किनाऱ्यावर जोरात असतात. टोपी गेली तर तिच्यामागे धावू नका, एवढा एक सल्ला मात्र सरळ अर्थाने घ्या.

तिथून दहा मिनिटं चालत गेलं की ‘रडणारा दगड’, ला रोश की प्लर. लाट कातळावर चढते आणि फटींतून पाणी ओघळत राहतं. त्या दगडात कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट यांचा चेहरा दिसतो म्हणतात. त्यांचं प्रवाळाच्या दगडांचं घर जवळच आहे, त्याचं संग्रहालय केलंय. चालायचं अंतर ऐकताच ‘फोटो गुगलवर आहेत ना?’ असं विचारून हा पॉइंट यादीतून टिक करा.

वेळ संपत आलेली असेल, म्हणजे शामारेलला जायची हीच वेळ. ती सातरंगी माती किनाऱ्यावर नाही, डोंगरात आहे, पण नकाशावर ‘वाटेतच’ दिसते. वाट नागमोडी चढते. मळमळीची गोळी अर्धा तास आधी घ्यायची असते, तिसऱ्या वळणानंतर नव्हे. बुफेतल्या पुऱ्या, गाडीतले थेपले आणि मागच्या सीटवर मोबाइलमध्ये मान घातलेलं पोर : पाचव्या वळणावर गाडी थांबतेच. तो पंधरावा पॉइंट. माती म्हणाल तर ज्वालामुखीचा खडक झिजून झालेली. लोहाच्या संयुगांनी लाल-तपकिरी आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी निळी-जांभळी छटा आलेली. उन्हात रंग उठून दिसतात, ढग आले की नाचणीच्या पिठासारखे. सगळा पसारा एका क्रिकेटच्या मैदानात मावेल एवढा आणि कुंपणाबाहेरून बघायचा. ‘एवढंच?’ हे इथे मोठ्याने म्हणावं. तिकीट वेगळं होतं हेही इथेच कळतं.

परतीला भूक लागेल. वाटेत गाडीवर डाळपुऱ्या मिळतात, जोडीने, आत उसळ आणि चटणी घालून गुंडाळलेल्या. आपल्या पुरणपोळीची ही तिखट चुलत बहीण. मिरची-मीठ लावलेला अननसही मिळतो. तुम्ही मात्र ड्रायव्हरला ‘इंडियन रेस्टॉरंट’ शोधायला लावा, पनीर बटर मसाला यायला चाळीस मिनिटं लागतील, तेवढ्यात ओव्हरटाइमचा आणखी एक तास सुरू होईल. मे महिना असेल तर पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तो नेमका पोर्ट लुईच्या संध्याकाळच्या कोंडीत मावळेल, डावीकडे समुद्र आणि समोर ट्रकचं मागचं फळकूट.

त्या कोंडीत भरपूर वेळ मिळतो. दुसऱ्या कुणीतरी हेलिकॉप्टरमधून घेतलेला पाण्याखालच्या धबधब्याचा व्हिडिओ ‘आज हे पाहिलं’ म्हणून ग्रुपवर टाका. मग टूरचं ॲप उघडा, ड्रायव्हरला पाचपैकी तीन तारे द्या आणि कारण लिहा : माणूस चांगला, पण धबधबा दाखवला नाही.