स्टेअरिंगच्या आवाजावर ब्रेक ऑइल? कृपया ओतू नका

‘स्टेअरिंग वळवताना घूं-घूं आवाज येतोय? स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीत थोडं ब्रेक ऑइल ओता, आवाज बंद’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. ब्रेक ऑइल सहसा ग्लायकॉल या रसायनाचं असतं आणि पॉवर स्टेअरिंगचे रबरी सील खनिज तेलासाठी बनलेले. ते फुगतात, मऊ पडतात आणि मग रॅकच (चाकं वळवणारा दांड्याचा भाग) गळू लागतो. चुकून ओतलंच असेल तर इंजिन चालू करू नका, आधी सगळं उपसून काढा.

हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तर स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, तेलाची टाकीच नसते.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. तेलावर साबणासारखा फेस असेल तर आत हवा शिरली आहे. मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल खुणेपर्यंत भरा. पुढची चाकं जॅकने उचलून, खाली पक्का आधार देऊन, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. बुडबुडे वर येतात, पातळी उतरते, पुन्हा भरा. आणि तेल कमी झालं कुठून, ते पाइपांच्या जोडांवर बोट फिरवून शोधा.

स्टार्ट करताच चीं वाजलं तर स्टेअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा बघा. खड्ड्यात खटखट होत असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा बघा. तिथे कुठलंही तेल ओतून उपयोग नाही.