आयसीयूतल्या पेशंटला "खनिजं मागून घ्या" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परभणी, बीड, नांदेडकडच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरायलाय. आयसीयूतला पेशंट सुधरत नाही कारण त्याच्या अंगातली खनिजं संपलेली असतात, डॉक्टर ती देतच नाहीत, म्हणून झिंक, सेलेनियम, लोहाचे मोठे डोस मागून घ्या, नाकातून पोटात घातलेल्या नळीतून नारळपाणी सोडा, नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. मी आयसीयूतल्या पेशंटचा आहार बघते, रोज कुणीतरी मोबाईल पुढं करून "मॅडम, आमच्या पेशंटला हे कामून देईनात" म्हणतंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पहिला मुद्दा, रिपोर्टमध्ये झिंक, लोह कमी आलं म्हणजे अंगातून संपलं. तसं नसतंय. जोराचं इन्फेक्शन असलं, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वर गेला की रक्तातलं झिंक, सेलेनियम, लोह आपोआप खाली येतं आणि तांबं उलट वाढतं. लोह तर शरीर मुद्दाम लपवून ठेवतं, कारण जंतूंनाही तेच लागतं, मग ऐन सेप्सिसमध्ये (इन्फेक्शननं सगळ्या शरीराचं काम बिघडतं तेव्हा) शिरेतून लोह द्या म्हणायचं म्हणजे काय? झिंकचं पण तेच, जास्त दिवस जास्त दिलं की तांबं कमी पडतं.

सेलेनियमच्या मोठ्या डोसचं तर बघून झालंय. जर्मनीत सेप्सिसच्या हजारावर पेशंटवर केलेला अभ्यास 2016 ला आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्याआधी 2013 ला 1223 पेशंटचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात सेलेनियम, झिंक आणि व्हिटॅमिनं एकत्र दिलेली, तिथंही फायदा शून्य.

नारळपाणी. एका शहाळ्यात साधारण 500-600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, धडधाकट माणसाला चांगलंच आहे. पण ज्याची लघवी बंद झालीय, किडनी बसलीय, त्याचं पोटॅशियम आधीच चढलेलं असतं, मॉनिटरवर टोकदार उंच लाटा दिसायला लागतात आणि हृदय कधी बंद पडेल सांगता येत नाही. तेव्हा सिस्टरची नजर चुकवून सिरिंजनं नळीत काही सोडू नका, हात जोडून सांगते.

"देतच नाहीत" हे पण खोटं. नळीतून जे तयार फीड जातं त्यात ही सगळी खनिजं असतातच, दिवसाला 1500 मिलीच्या आसपास गेलं की रोजची गरज भागते. कमी जात असेल तर वरून द्यावी लागतात. भाजलेल्या पेशंटच्या जखमांतून झिंक, तांबं, सेलेनियम वाहून जातं, रात्रंदिवस चालणाऱ्या डायलिसिसमध्ये पण जातं, तिथं आम्ही हिशोबानं भरून काढतो. एवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं बरोबर आहे.

पण गंमत अशी की ज्या खनिजानं माणूस खरंच दगावतो त्याचं नाव त्या अख्ख्या मेसेजमध्ये नाही. फॉस्फरस. ऊसतोडीवरून आलेला, आठ-दहा दिवस पोटात अन्न नाही, त्यात दारूची सवय, असा पेशंट आला की घरच्यांना वाटतं आता भरपूर खाऊ घाला, नाहीतर गावातच ताकदीचं पिवळं सलाईन लावून आणतात. त्या पिवळ्या रंगात व्हिटॅमिनं असतात, खनिजं नाहीत, आणि बाटलीत ग्लुकोज. उपाशी शरीरात ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. रक्तात फॉस्फरस 2.5 ते 4.5 (मिलिग्रॅम/डेसिलीटर) पाहिजे, तो 1 च्या खाली गेला की श्वासाचे स्नायूच थकतात, व्हेंटिलेटर निघत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमार झालेले युद्धकैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावले ते ह्याच्यामुळंच. म्हणून आम्ही आधी व्हिटॅमिन बी-1 देतो, फीड कमी ठेवतो, रोज रक्त तपासून फॉस्फरस भरत हळूहळू वाढवतो, आणि नातेवाईक म्हणायलेत आमच्या माणसाला उपाशी मारायलेत.

मागायचंच असेल तर हे विचारा, "फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं का, किती आलं?" आणि पेशंट किती दिवसांपासून जेवला नाही, पितो का, हे ॲडमिट करतानाच खरं खरं सांगा, पाहुण्यांसमोर नको वाटलं तर बाजूला घेऊन सांगा.