नग एक, माल सायकल

काल सकाळी अकराच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात एका हमालाने माझ्या सायकलीच्या खोक्यात लोखंडी आकडा घुसवला, आणि वर त्याबद्दल माझ्याकडून हमालीही घेतली. रक्कम तीस रुपये होती. तीस रुपयांचे मला काही वाटत नाही, परंतु खोक्याच्या चारही अंगांना लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू, जपून हाताळा’ असे लिहिलेले असताना त्यातल्या ‘नाजूक’ या शब्दातूनच तो आकडा आत जावा, याचा राग हे लिहीत असतानाही पुरता गेलेला नाही.

सायकलीचे खोके आडतीवर कशाला नेले, हे आधी सांगितले पाहिजे. मे महिन्यात मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, तीन दिवसांच्या अल्ट्रा ट्रायथलॉनसाठी जाणार आहे. या प्रकाराची सुरुवात १९८३ मध्ये हवाई बेटावर झाली. तेथील हिशेबाप्रमाणे पहिल्या दिवशी समुद्रात १० किलोमीटर पोहून लगेच सुमारे १४५ किलोमीटर सायकल चालवायची, दुसऱ्या दिवशी सुमारे २७६ किलोमीटर फक्त सायकल, आणि तिसऱ्या दिवशी ८४.३ किलोमीटर धावायचे. प्रत्येक दिवसाला बारा तासांची मुदत. इतर ठिकाणी हे आकडे थोडेफार इकडेतिकडे होतात, पण त्याने पायांना काही फरक पडत नाही. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१७ मध्ये फ्लोरिडात अशी स्पर्धा अनवाणी पूर्ण केली होती, ही माहिती मला आजवर निदान चाळीस जणांनी, ‘तुम्ही बूट घालणार का?’ या प्रश्नासह पुरवलेली आहे.

शरीराच्या तयारीबद्दल सगळे बोलतात. दोन वर्षे पहाटे चारला उठलो, पंचवीस मीटरच्या तलावात चारशे फेऱ्या मारल्या म्हणजे दहा किलोमीटर होतात हे स्वतः मोजून पाहिले, आणि त्यातल्या तीनशेव्या फेरीनंतर माणसाला मोजता येत नाही हेही पाहिले. पण ते सगळे सोपे होते. खरी स्पर्धा सायकल खोक्यात घालण्यापासून सुरू होते.

सायकल विमानात जशीच्या तशी जात नाही. पेडल काढावे लागतात, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माझ्या मिस्त्रीला मी तीनदा सांगितले. त्याने तिन्ही वेळा ‘हाव सर’ म्हणत ते अधिकच आवळले. शेवटी दोघांनी मिळून, पान्याला पाण्याच्या नळाचा तुकडा जोडून, ते एकदाचे सोडवले. सीटची दांडी काढायची, पण किती उंचीवर होती तेथे आधी चिकटपट्टी लावायची. हँडल फिरवून फ्रेमला बांधायचे. चाके काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड मिठी मारून बसतात. फ्रेमच्या नळ्यांना ओरखडे येऊ नयेत म्हणून एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम आणला. त्याने ‘किती टनाचा आहे?’ असे विचारले, तेव्हा खरे सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती म्हणून ‘दीड’ म्हणालो. टायरमध्ये झटपट हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत. पॉवर बँक खोक्यात ठेवायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. या सगळ्यावर कडी म्हणजे माती.

ऑस्ट्रेलिया परक्या मातीला आणि बियांना फार भिते. विमानातच एक कार्ड भरून द्यावे लागते, त्यात आपल्याजवळ खाण्याचे पदार्थ, बियाणे, मातीने माखलेले बूट किंवा खेळाचे सामान आहे का ते लिहायचे असते, आणि लपवले तर दंड जबर. आता आमच्याकडची काळी माती कशी असते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घेते आणि पाय परत देते. एरवी वाळल्यावर ती टायरच्या खाचांत, चेनच्या कड्यांत आणि बुटांच्या तळव्यांत अशी जाऊन बसते, की सात-बारावर नाव लागल्याशिवाय उठायची नाही. मी तीन रात्री जुना टूथब्रश आणि रॉकेलची वाटी घेऊन गॅलरीत बसलो होतो. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून म्हणाल्या, “वीस वर्षं मी पाय पुसून आत या म्हणतेय, ते ऐकू आलं नाही. ऑस्ट्रेलियानं सांगितल्याबरोबर ब्रश हातात.”

यानंतर वजन. माझ्या तिकिटावर एका नगाला २३ किलोची मर्यादा आहे, आणि ३२ किलोच्या वर एक नग जास्तीचे पैसे देऊनही घेत नाहीत. घरच्या वजनकाट्यावर मी खोके कवटाळून उभा राहिलो, पण साडेचार फुटांच्या खोक्यापलीकडचा आकडा मला दिसेना. म्हणून सौभाग्यवतींनी जमिनीवर आडवे होऊन तो वाचला. तीन वेळांत तीन आकडे आले: ९७.१, ९९.४ आणि ९६.८. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मापनातील त्रुटी या धड्यावर माझ्या नोट्स मुले झेरॉक्स करून नेतात. त्या प्रयोगातून एवढेच निश्चित झाले, की माझे स्वतःचे वजन मी सर्वांना सांगतो त्यापेक्षा तीन किलोने जास्त आहे.

तेव्हा आडतीवर मोठा काटा असतो, हे मला सुचले. टेम्पोत खोके घालून एका आडत दुकानासमोर उतरवले. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा वजन करायची वेळ येऊ शकते.

तेथे काट्याच्या शेजारी, स्वतःच्याच सोयाबीनच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, एक आबा बसले होते. औशाकडचे. डोक्याला पटका, हातात तंबाखूची पिशवी, आणि सौदा व्हायला वेळ असल्यामुळे जगाची चौकशी करायला पूर्ण मोकळे.

“काय हाय ओ ह्यात?” त्यांनी खोक्याकडे हनुवटी केली.

“सायकल.”

“नवी?”

“नाही, जुनीच.”

“मंग खोक्यात कामून घातलाव?”

“ऑस्ट्रेलियाला न्यायची आहे.”

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. “तिकडं सायकली मिळत न्हाईत?”

“मिळतात, पण ही माझ्या मापाची आहे.”

“बसायचंच हाय की तिच्यावर. लगीन लावायलाव का?”

हमाल हसले. काट्यावरचा मापाडी हसला. वर्गात एवढा हशा मला बावीस वर्षांत मिळालेला नाही. मी शिक्षक असल्याने, अज्ञान दिसले की स्पष्टीकरण देण्याची खोड मला आहे, आणि तेथेच मी चुकलो. मी त्यांना स्पर्धा समजावून सांगू लागलो. दहा किलोमीटर पोहणे ऐकून ते गप्प राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, “ह्या लातुरात सोळा साली मिरजंवरनं रेल्वेनं पाणी आणलंतं. घागरीला रांग लावून माझ्या सुनंची कंबर गेली. आन तुमी धा किलोमीटर पवायलाव.” यावर काही उत्तर नव्हते, म्हणून मी दुसऱ्या दिवसावर गेलो. २७६ किलोमीटर म्हणजे साधारण येथून छत्रपती संभाजीनगर, असे म्हटल्यावर त्यांनी कोर्टाचे काम आहे का, असे विचारले. तिसऱ्या दिवसाचे धावणे म्हणजे लातूरहून तुळजापूर आणि वर थोडे, हे मात्र त्यांना पटले. “कोजागिरीला आमी जातो की चालत. आईचं दर्शन घ्याचं, माघारी यष्टीनं याचं. तुमच्या तिकडं कोन्ता देव हाय?”

“देव नाही. समुद्र आहे.”

“बरं. सोबत कोन?”

सोबत दोन माणसे असावीच लागतात, असा नियम आहे, हे मी सांगितले. गाडी घेऊन ती मागेपुढे असतात, पाणी देतात, खायला देतात, टोपी ओली करून देतात. माझ्यासोबत माझा मेहुणा आणि एक सहकारी येणार आहेत. मेहुण्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला आहे आणि गेला महिनाभर तो ‘तिकडेही गाडी डावीकडूनच चालवतात’ ही एकच बातमी सर्व नातेवाइकांना फोन करून सांगत आहे.

“म्हंजी गाडी हाय सोबत?” आबा पुढे सरकले.

“हो.”

“तीन दिस?”

“पहिला दिवस पोहून झाल्यापासून शेवटपर्यंत.”

“आन गाडीत दोगंच?”

“दोघेच.”

आबांनी मापाड्याकडे पाहिले, हमालांकडे पाहिले, आणि तिढा सोडवणाऱ्या सरपंचाच्या शांतपणे विचारले, “मंग मास्तर, तुमाला बसवून घ्याला ते तयार न्हाईत, का तुमचं त्येंच्याशी वाकडं हाय?”

या प्रश्नाचे उत्तर मी रात्रभर शोधत होतो. ते मिळालेले नाही.

एवढ्यात मापाड्याने ‘चला’ म्हटले, आणि त्या हमालाने, सवयीने, कट्ट्याला लावतात तसा आकडा खोक्याला लावला. मी ओरडलो. तो म्हणाला, “काई न्हाई होत मालक, वरच्यावर लावलाव.” खोके काट्यावर आले. मापाडी पुकारला, “पंचवीस, सातशे!” आणि मुनिमाने विचारले, “बारदान वजा करू का?” मी सांगितले की विमानवाले खोक्यासकटच वजन धरतात. हे ऐकून आबांना प्रथमच माझ्याविषयी आपुलकी वाटल्याचे दिसले. “म्हंजी तुमाला बी कापत्यात,” ते म्हणाले.

मग ते स्वतःचे बोलू लागले. दिवाळीपासून माल घरात ठेवला होता, भाव चढेल म्हणून. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये, पण खरेदी केंद्र केव्हाच बंद झालेले, आणि काल त्यांच्या कट्ट्यांना ४,२५० ची बोली लागली. त्यातही खरेदीदाराने मूठभर माल तळहातावर घेऊन फुंकर मारली, म्हणाला ‘माती आहे’, आणि क्विंटलमागे किलोभर कडता, म्हणजे वजनात कपात, लावला. आबांनी मला सायकलीची किंमत विचारली. मी खरी किंमत निम्म्याने कमी करून सव्वा लाख सांगितली. त्यांनी डोळे मिटून पाच सेकंदांत हिशेब केला: “एकोणतीस क्विंटल आन वर एक्केचाळीस किलो.” मी मनात पडताळून पाहिले. बरोबर होते. खरी किंमत सांगितली असती तर त्यांच्या तीन एकरांची दोन वर्षांची रास झाली असती, आणि तरीही मी तेथे उभा राहून, माझ्या नाजूक वस्तूला भोक पडले म्हणून, तोंड वाकडे करत होतो. पण भोक पडले होते हे खरेच आहे. एवढ्या लाल अक्षरांत लिहिले होते.

“ते आष्ट्रेलियावाले बी माती बघत्यात म्हंता?” आबांनी विचारले.

“फार बारकाईने.”

“मंग भाव तरी बरा देत असतील.”

पावती मी जपून ठेवली आहे. तीवर ‘माल: सायकल, नग: १, वजन: २५.७००’ असे आहे, त्याखाली हमाली तीस आणि तोलाई दहा रुपये. खाली उतरवताना हमालांनी खोके नेमके एका ताज्या ढिगाला टेकवून ठेवले, त्यावर चाळणीतून माल पडत होता, आणि मी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून वाद घालत असल्यामुळे माझे लक्ष नव्हते.

घरी येऊन खोके उघडले. दोन किलो सातशे ग्रॅम कमी करायचे होते. पंप, पाने, जास्तीचे टायर आणि मेहुण्याने गुपचूप ठेवलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असे काढत गेलो. आकड्याच्या भोकातून आणि हात घालायच्या खाचांतून सोयाबीन आत आले होते. हेल्मेटच्या फटींतून चार दाणे निघाले, बुटांतून सात, चेनमध्ये एक अर्धवट चेंगरलेला. चादर पसरून सगळे झटकले. सौभाग्यवतींनी दाणे वाटीत गोळा केले आणि विरजण लावावे तसे वरून झाकण ठेवले. मग मी फ्रेम उचलली, आणि आतून खुळखुळ असा आवाज आला.

सीटची दांडी काढलेली होती, नळीचे तोंड उघडे होते. मी फ्रेम उलटी धरून झटकली. आवाज खाली आला, परत गेला, कुठल्यातरी वळणावर थांबला. सायकलीची तार घातली. सौभाग्यवतींनी विणायची सुई दिली. रात्री एक वाजता मुलीने, झोपेतून उठून, फोनचा दिवा नळीत मारला आणि ‘दिसतोय, दोन आहेत’ असे सांगून ती पुन्हा झोपायला गेली.

सध्या फ्रेम गॅलरीत उलटी टांगलेली आहे. खाली वाटी ठेवली आहे.