मेलबर्न म्हणजे कांदा नव्हे

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून पुन्हा उगवतो. सार असं: मेलबर्न हा कांदा आहे. गाभ्यात शंभर-सव्वाशे वर्षांची घरं, बाहेर जावं तशी नवी. सिटीपासूनचं अंतर मोजा, घराचं वय कळलं. पुढे तीन सल्ले: लाकडी घर कच्चं, त्याच्या वाटेला जाऊ नका, विटांचं जुनं घर डोळे मिटून घ्या, भिंती भरीव असतात, आणि लांबच्या सबर्बमधली घरं छापाची, त्यांना काही शैलीच नाही.

हेतू चांगला असेल, पण यावर विसंबून कुणी पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज काढणार असेल तर दोन शब्द बोलायला हवेत.

आधी कांदा. सिटीजवळच्या फिट्झरॉयमध्ये लोखंडी जाळीच्या नक्षीचे व्हरांडे असलेली, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली टेरेस घरं, म्हणजे भिंतीला भिंत लावून रांगेत बांधलेली घरं आहेत, हे खरं. पण त्याच फिट्झरॉयमध्ये अ‍ॅथरटन गार्डन्सचे चार वीसमजली टॉवरही आहेत. सरकारच्या हाउसिंग कमिशनने जुनी वस्ती गलिच्छ ठरवून पाडली आणि होम्सग्लेनच्या कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पॅनेल आणून असे टॉवर १९६० च्या दशकात ठिकठिकाणी उभे केले. डॉकलँड्स तर सिटीला खेटून आहे आणि तिथली राहती घरं जवळजवळ सगळी याच शतकातली. उलट दुसऱ्या टोकाला, आपली एवढी माणसं जिथे घरं घेतात त्या टार्नीटच्या शेजारी वेरीबीत, साठ खोल्यांचा १८७० च्या दशकातला वाडा उभा आहे. मेंढ्यांवर श्रीमंत झालेल्या चर्नसाइड कुटुंबाने तो बांधला. कांद्याच्या हिशेबात तो बसवायचा कुठे?

हे शहर पापुद्र्या-पापुद्र्याने वाढलंच नाही. ते उसळ्या घेत वाढलं आणि मध्ये धापा टाकत थांबलं. १८५१ मध्ये सोनं सापडलं, १८८० च्या दशकात जमिनीचा सट्टा पेटला, १८९१ पर्यंत लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास पोचली. रेल्वे येणार म्हटलं की माळरानावर प्लॉट पडायचे. मग बँका बुडाल्या आणि बांधकामं जागच्या जागी थांबली. पूर्वेकडच्या उपनगरांतून काढलेली आउटर सर्कल नावाची रेल्वेलाइन पूर्ण झाली ती नेमकी या पडझडीच्या तोंडावर, आणि काही वर्षांतच तिच्यावरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. मागे उरले रिकामे प्लॉट. ते पुढची साठ वर्षं, ज्याला जमेल तसे भरत गेले.

म्हणून कँबरवेल किंवा एसेंडनसारख्या उपनगरात एकाच रस्त्यावर १८८० च्या दशकातलं व्हिक्टोरियन घर, त्याच्या शेजारी लाल विटांचं आणि टेराकोटा कौलांचं, १९०० च्या आसपासचं फेडरेशन शैलीचं घर, पलीकडे १९२० च्या दशकातला कॅलिफोर्निया बंगलो आणि मधल्या सांदीत युद्धानंतरचं क्रीम विटांचं घर असं सगळं दिसतं. याला कांदा कसला म्हणायचा, ही भेळ आहे.

आता लाकडी घर. या सल्ल्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण निदान महाराष्ट्रातल्या माणसाने तरी तो पुढे पाठवायला नको होता. मेलबर्नच्या पश्चिमेला ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं पठार आहे. इथल्या गल्ल्यांमध्ये अंथरलेला 'ब्लूस्टोन' म्हणजे बसाल्ट, आपला सह्याद्रीतला काळा पाषाण. आणि बसाल्ट झिजून काय होतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, घराचा पाया हलवणारी चिकणमाती. इथेही तीच गोष्ट. फुट्सक्रे, यारव्हिल या भागांत कामगारांनी वेदरबोर्डची, म्हणजे आडव्या फळ्यांची घरं बांधली ती स्वस्त पडायची म्हणून, यात वाद नाही. पण खुंटांवर उभं असलेलं ते हलकं घर जमिनीबरोबर थोडं वाकतं. विटांची भिंत तडकते. खुंट, इथल्या भाषेत स्टंप, पूर्वी रेडगम लाकडाचे असत. कुजले की घर उचलून नवे बसवतात, त्याला रिस्टंपिंग म्हणतात. तेव्हा अशा घरात शिरल्यावर फळ्यांना नाक मुरडण्यापेक्षा जमिनीवर गोटी ठेवून बघा, कुठे घरंगळते ते. आणि ज्यांना 'कच्ची' म्हटलंय, ती यारव्हिलमधली घरं आज दहा लाख डॉलरच्या पुढे जातात.

विटांच्या भरीव भिंतींबद्दल थोडक्यात. १९५० नंतरची, दर्शनी भिंत तीन टप्प्यांत मागे सरकलेली क्रीम विटांची ती दणकट दिसणारी घरं बहुतेक 'ब्रिक व्हेनियर' आहेत. भार पेलतो आतला लाकडी सांगाडा, वीट म्हणजे बाहेरून चढवलेला कोट. बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूने टकटक करा, पोकळ वाजली तर समजून जा. यात वाईट काही नाही, पण भरीव समजून जादा पैसे मोजू नका. खरोखर भरीव भिंतींच्या व्हिक्टोरियन घरात जमिनीतली ओल वर चढते. व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं तिथे, नव्या घरांना इन्सुलेशन सक्तीचं झालं १९९१ मध्ये. त्याआधीच्या घरात जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, रात्र काढून बघा. आणि १९९० पूर्वीच्या कुठल्याही घरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, हे 'डोळे मिटून' घेणाऱ्याला कोण सांगणार?

राहिला छापाच्या घरांचा मुद्दा. पॉइंट कुक, टार्नीट, क्लाइडमध्ये तेच ते दर्शनी भाग दिसतात, हे मान्य. डिस्प्ले होममध्ये, म्हणजे बिल्डरच्या नमुना घरात जाऊन कॅटलॉगमधून घर निवडायचं आणि ते किती 'स्क्वेअर'चं म्हणून विचारायचं (एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट, देश मेट्रिक झाला तरी बिल्डर झाले नाहीत) हा इथला सर्रास प्रकार. पण सिटीजवळच्या कार्लटनची टेरेस घरं तरी कोणी एकेका मालकासाठी घडवली होती? तीही विकण्यासाठीच, एकसारखी, रांगेने बांधली होती. लोखंडी जाळी ओतशाळेतून ठरावीक नमुन्यांत यायची. तेव्हाचा छाप आज हेरिटेज ओव्हरलेखाली, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या नियमाखाली आहे आणि त्याला हात लावायचा तर कौन्सिलची परवानगी लागते.

वय जाणून घ्यायला अंतराची गरज नाही. टेरेस घराच्या माथ्यावरच्या कठड्यात पुष्कळदा साल कोरलेलं असतं. नव्या घराला वाळवीविरोधी उपाय केला असेल तर त्याची तारखेसकट चिठ्ठी सहसा मीटर बॉक्समध्ये चिकटवलेली सापडते.