एकच वायर, चोवीस महिने

पुण्यात आमचा फ्लॅट ज्या सोसायटीत आहे, तिथे यंदाच्या सभेपुढे एक ठराव येतोय. गच्चीवरून खाली सोडलेल्या इंटरनेटच्या सगळ्या वायरी काढायच्या, एकाच कंपनीला बिल्डिंगमध्ये येऊ द्यायचं, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला स्वतःचं कनेक्शन हवं असेल तर त्याने मालकाचं पत्र आणि सोसायटीची एनओसी आणायची. वायरींचा तो गुंता कुणालाच आवडत नाही, तेवढं मान्य. मला खटकतो तो ठरावाच्या बाजूने ग्रुपवर सारखा दिला जाणारा दाखला: ‘परदेशात बघा, घरात एकच वायर येते. सगळं कसं शिस्तीत.’

ज्या परदेशाचा दाखला दिला जातो, त्यातल्या एका देशात, जर्मनीत, मी राहतो. एकच वायर येते हे बरंचसं खरं आहे. पण सहा-आठ महिन्यांसाठी फ्लॅट घेतलेल्या माणसापर्यंत ती कशी येते, हे कुणी विचारत नाही.

फायबर अजून सगळीकडे पोचलेलं नाही. जुन्या इमारतींत डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या दोन तारा, आणि त्या बहुतेक ठिकाणी डॉइचे टेलिकॉमच्या. रस्त्याकडेच्या करड्या पेटीतून त्या केलरमधल्या (तळघरातल्या) एपीएलमध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या तारा जिथे संपतात त्या पेटीत, येतात आणि तिथून प्रत्येक फ्लॅटसाठी एकेक जोडी वर जाते. डीएसएल दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं घ्या, शेवटचा तुकडा बहुधा हाच, टेलिकॉमकडून भाड्याने घेतलेला. म्हणजे पैसे घेणारी कंपनी एक, आणि जोडी जोडायला येणारा माणूस दुसरीकडचा. तो आला नाही की पहिली म्हणणार ‘आम्ही कळवलंय’, आणि दुसरीशी तुमचा करारच नाही. पुण्यात केबलवाला एकच माणूस असतो. त्याचा नंबर वॉचमनकडे मिळतो.

ऑर्डरच्या फॉर्मवर दोन रकाने नवखा माणूस हमखास रिकामे सोडतो. एक, आधीच्या भाडेकरूचं नाव. दुसरा, फ्लॅटची जागा: पुढची इमारत की हिंटरहाउस (अंगणापलीकडची मागची इमारत), कितवा मजला, डावीकडे की उजवीकडे. पाटीवर फ्लॅट नंबर बहुतेक नसतोच, आणि डावं-उजवं जिन्याने वर येणाऱ्याच्या हिशेबाने धरायचं. केलरमधली कुठली जोडी कुठल्या घराची, हे याच माहितीवरून लावलं जातं. ती चुकली की भलतीच जोडी जोडली जाते, किंवा शेजाऱ्याची चालू जोडी उचलली जाते आणि संध्याकाळी शेजारी तुमच्या दारात. आधीच्या भाडेकरूचा करार अजून चालू असेल तर जोडी मोकळी नाही म्हणून ऑर्डरच अडते. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हाच भिंतीतल्या सॉकेटचा फोटो काढा. त्यावर होम-आयडीचा, म्हणजे त्या फ्लॅटच्या लाइनचा, नंबर चिकटवलेला असेल तर तोही टिपून घ्या. ऑर्डर राहायला जाण्याच्या चार ते सहा आठवडे आधी द्या.

त्यानंतर प्रश्न नावाचा, आणि थोड्या महिन्यांच्या भाडेकरूचं घोडं इथेच पेंड खातं. तंत्रज्ञाची वेळ म्हणजे ‘आठ ते बारा’ नाहीतर ‘बारा ते चार’. तो खालच्या दाराशी येतो आणि बेलच्या पाट्यांवर करारावरचं नाव शोधतो. फर्निश्ड फ्लॅटच्या बेलवर नाव मालकाचं असतं, एजन्सीचं असतं, किंवा वर्षभरासाठी बाहेरगावी गेलेल्या मूळ भाडेकरूचं असतं. आपलं नाव सापडलं नाही की पेटीत कार्ड: आलो होतो, आपण भेटला नाहीत. पुढची तारीख आठवड्या-दोन आठवड्यांनी. राउटरमध्ये भरायच्या लॉगिनचं पत्रही बरेचदा टपालाने येतं, आणि पत्रपेटीवर नाव नसेल तर ते ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून परत जातं. उपाय चिकटपट्टीचा. मालकाला विचारून बेल आणि पत्रपेटी, दोन्हीवर स्वतःचं आडनाव लावा, करारावर आहे त्याच स्पेलिंगने. सहस्रबुद्धे असाल तर पट्टीवर मावत नाही म्हणून ‘सहस्र’ करू नका. ऑर्डरच्या शेऱ्यात ‘अमुक नावाची बेल वाजवा’ असं लिहा, आणि पत्त्यात मूळ भाडेकरूच्या नावाने केअर ऑफ टाका.

एवढं करून माणूस दारात आला आणि केलरमधली एपीएलची खोली कुलूपबंद निघाली, तरी काम होत नाही. हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला, आठवडाभर आधी सांगून ठेवा. त्याच दिवशी सकाळी फोन करून उपयोग नाही.

घरातलं काम त्या मानाने किरकोळ. टीएई, म्हणजे भिंतीतल्या टेलिफोनच्या, सॉकेटला बहुधा तीन खाचा असतात: एन, एफ, एन. राउटरची वायर एफमध्ये. फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी जुनी डबी, स्प्लिटर, लटकत असेल तर काढून टाका. आता फोनही इंटरनेटवरूनच चालतो, मधे तो ठेवलात तर अडथळाच होतो. राउटरचा डीएसएलचा दिवा पाच-दहा मिनिटांनंतरही लुकलुकत असेल, किंवा लागतो आणि तासाभराने जातो, तर घरात दुसरा सॉकेट आहे का बघा. आधीच्या कुणीतरी बेडरूममध्ये फोन नेण्यासाठी पहिल्या सॉकेटच्या एक आणि दोन नंबरच्या स्क्रूखालीच पुढची वायर कोंबलेली असते. पुढची वायर निघायला हवी पाच आणि सहावरून. ती फुकटची फांदी सिग्नल परतवते आणि लाइन डळमळते. पहिला सॉकेट मात्र आपण उघडायचा नाही, तो कंपनीच्या जाळ्याचा भाग. तंत्रज्ञ समोर असतानाच बोट दाखवायचं, कारण एकदा तो गेला की पुन्हा ‘आठ ते बारा’.

आता कराराचं. जाहिरातीत ठळक दिसतो तो भाव २४ महिन्यांच्या कराराचा. १ डिसेंबर २०२१ पासून आमच्याकडे कायदाच आहे: पहिली मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त नको, प्रत्येक कंपनीने जास्तीत जास्त १२ महिन्यांचाही एक करार द्यायला हवा, आणि मुदत संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडता यायला हवं. महिन्याच्या नोटिशीचे प्लॅन पहिल्या दिवसापासूनही मिळतात, पण त्यात सुरुवातीचा आकार आणि राउटर अंगावर येतो. मुदतीच्या आत घर सोडलंत तर सुटका एकाच कारणाने: नव्या पत्त्यावर ती कंपनी तीच सेवा देत नाही. ‘सहा महिन्यांसाठीच आलो होतो’ हे कारण होत नाही. ऑनलाइन घेतलेला करार १४ दिवसांत मोडता येतो, तेवढी मात्र सोय आहे.

ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही तर दर खेपेला १० युरो किंवा मासिक आकाराच्या २० टक्के, जे जास्त असेल ते, भरपाई मागता येते. तक्रार करून दोन दिवस उलटले आणि लाइन बंदच राहिली, तर तिसऱ्या दिवसापासून रोजची भरपाई वेगळी. हे सांगताना मान जरा ताठ होते, खोटं कशाला बोला. पुण्यात केबलवाला आला नाही म्हणून कुणाच्या हातावर कुणी दहा रुपये ठेवलेत? पण ही भरपाई मागावी लागते, आपोआप येत नाही. आणि दहा युरोत दोन आठवड्यांचं ऑफिस चालत नाही.

म्हणून इथे थोड्या दिवसांसाठी आलेला शहाणा माणूस वायरीच्या नादालाच लागत नाही. तो इंटरनेट भाड्यातच असलेला फ्लॅट घेतो आणि करारात ते लिहून घेतो: वेग किती, राउटर घरातच की शेजारच्या घरातून येणारं वायफाय, बंद पडलं तर कंपनीला फोन कुणी करायचा. कनेक्शन मालकाच्या नावावर असल्याने टॉरेंटवरून सिनेमा उतरवलात तर वकिलाचं शेकडो युरोंचं पत्र आधी मालकाला जातं, मग मालक तुमच्याकडे येतो. नाहीतर मोबाइल सिमवर चालणारा राउटर. २०१७च्या जुलैपासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, ती पासपोर्ट दाखवून व्हिडिओ कॉलवर होते. हा राउटर खिडकीत ठेवा, पण नव्या खिडक्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. तो सिग्नलही अडवतो. जागा बदलून बघायला लाजू नका, एका हाताच्या अंतरानेही फरक पडतो.

आणि पुण्यात? आमच्याकडे एक पोरगा खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन टू-व्हीलरवर येतो. गच्चीवर एका फायबरचे अनेक फाटे करणारी स्प्लिटरची डबी असते, तिच्यातून वायर खाली सोडतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, टोक सोलून कनेक्टर बसवतो, मीटर लावून सिग्नलचा जोर बघतो. उणे वीसच्या आसपास आकडा आला की खूश, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा. बहुतेक वेळा कारण एकच: वायर कोपऱ्यात काटकोनात वळवलेली, किंवा हिरव्या कनेक्टरच्या जागी निळा. हे सगळं दुपारच्या चहाच्या आत होतं. आधार कार्ड, भाडेकराराची प्रत आणि महिन्याचे पैसे आगाऊ, बास. अकरा महिन्यांनी भाडेकरू गेला की पुढचा रिचार्ज करत नाही. संपलं.

मान्य, मी मला सोयीचं तेवढं निवडतोय. जूनमध्ये त्या गच्चीवरच्या डबीत पाणी शिरतं, ते मी सांगितलं नाही. वायर उंदीर कुरतडतात, आणि रविवारी तो पोरगा फोन उचलत नाही, तेही नाही. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. वर मी ‘आमच्याकडे’ हा शब्द एकदा जर्मनीसाठी वापरलाय आणि एकदा पुण्यासाठी. परत वाचताना दिसलं. दोन्हीपैकी एक खोडायचा म्हटलं, तर कुठला ते ठरेना. तसेच राहू दिले.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुण्याचा तो फ्लॅट आम्ही भाड्यानेच दिलाय. ठरावातल्या ‘मालकाचं पत्र’मधला मालक मीच. जिथे घर माझं आहे तिथे मी राहत नाही, आणि राहतो तिथे बेलवरचं नाव चिकटपट्टीवर आहे. त्यामुळे एनओसीच्या कलमाबद्दल मी तटस्थ नाही.

गुंता काढायचाच असेल तर वायरी मोजायला नकोत, मार्ग बांधायला हवा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन देण्याचे नियम काढले, म्हणजे विषय सरकारदरबारीही पोचलाय. लिफ्टच्या बाजूच्या डक्टमध्ये दोन पाइप टाका, एक कंपन्यांसाठी, एक राखीव. प्रत्येक मजल्यावर झाकणाची पेटी, त्यात प्रत्येक फ्लॅटसाठी फायबरची एक जोडी कायमची ओढलेली, टोकावर फ्लॅटचा नंबर लिहिलेला. कंपनी कुठलीही असो, तिने मीटररूमपर्यंत यायचं आणि पुढे तीच जोडी वापरायची. खर्च एकदाच, सिंकिंग फंडातून किंवा वर्गणीने. एकाच कंपनीशी करार केलात तर दुसऱ्या वर्षी भाव तीच ठरवणार, आणि वायर बंद पडली की अख्खी बिल्डिंग बंद.

एनओसीचं कलम मात्र काढा. अकरा महिन्यांतला पाऊण महिना त्या कागदात जाईल. आणि मीटररूमची दुसरी किल्ली वॉचमनकडे ठेवा, सेक्रेटरी गावाला जातात.