मागच्या खोलीत बसवून ठेवायचा अधिकार दुकानाला कुणी दिला?

गेल्या महिन्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना एका मोठ्या दुकानात चोर ठरवलं. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली सापडली म्हणून. ती त्यांनी सकाळीच गल्लीतल्या वाण्याकडून घेतली होती, आणि वाणी काही बिल देत नाही. गार्डने त्यांना गोदामाशेजारच्या खोलीत नेलं, पिशवी टेबलावर उपडी केली. जेवणाचा डबा, गोळ्यांची पट्टी, घडी केलेलं लुगडं, सगळं तीन पुरुषांसमोर. पावणेदोन तास बसवलं, घरी फोन करू दिला नाही. "पुन्हा करणार नाही" असं लिहून खाली सही घेतली, फोटो काढला. वर बाटलीच्या दहापट पैसे भरा, नाहीतर पोलिसांत देतो! मावशींनी भरले. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं.

मी तेव्हापासून कायदा वाचतेय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केली असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा आहे समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे त्यात पोलिससुद्धा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात.

आणि दुकानदार? सामान्य माणसाला कुणाला पकडायचं असेल, तर गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा. पकडल्यावरही विनाकारण वेळ न काढता, फार तर ६ तासांत पोलिसांच्या हवाली करायचं (अटक-तपासाची पद्धत ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). खोलीत बसवून माफीनामा लिहून घ्यायची मुभा त्यात कुठेही नाही. डांबून ठेवण्याला न्याय संहितेच्या कलम १२७ खाली १ वर्षापर्यंत कैद आहे. धाक घालून पैसे उकळणं ही खंडणी, कलम ३०८, ७ वर्षांपर्यंत. बाटली खरंच चोरलेली असती, तरी त्या खोलीत घडलेला मोठा गुन्हा मावशींचा नव्हता.

मी मॅनेजरला भेटले. "ताई, रोज माल जातो, आम्ही काय करायचं?" त्याचा त्रास खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. बाहेर पडताना गार्ड हळूच म्हणाला, माल कमी भरला की आमच्या पगारातून कापतात. तेव्हा त्या पोराचाही राग धरवेना. पण मग संशय आला की सरळ पोलिसांना फोन करा, सीसीटीव्हीचं चित्रण द्या. त्या दिवशीचं चित्रण मी मागितलं, तर म्हणे मिळणार नाही.

चौकीत हवालदार चांगले बोलले, पण सल्ला एकच: "मिटवून टाका." मिटवायचं कुणी? ज्यांची पिशवी उपडी झाली त्यांनी? माझ्या खांद्याला चामड्याची पर्स असते, मला आजवर कुणी हटकलेलं नाही. मावशींकडे कापडी पिशवी होती. फरक तेवढाच होता, हे मनातून जात नाही.

मावशींच्या सहीचा कागद अजून त्या दुकानात आहे. शनिवारी तो मागायला आणि लेखी तक्रार द्यायला जाणार आहे. मावशी म्हणाल्या, "मीपण येते ताई, माझी सही आहे त्यावर."